तुझ्या कमरेवर माझे हात होते

आपा, तुला दफन करून आज अकरा दिवस झाले. परवाचा आपल्या बायकांचा गुरुवार मी टाळला. मॅडमना, म्हणजे मला, बरं नाही असं सांगायला शेजारच्या काकूंना ओट्यावर बसवलं आणि आतल्या खोलीत खिडकी लावून बसून राहिले. बायका आल्या. त्यांच्या चपला वाजलेल्या ऐकल्या. मॅडम दाभोळला जाऊन आल्या का, असं कुणीतरी विचारलं. दहाएक मिनिटं त्या तशाच बसल्या आणि उठून गेल्या. तुझ्याशिवाय गुरुवार झालाच नाही असं नव्हे. गेले आठ महिने तू येत नव्हतीस. पण तेव्हा आल्याआल्या त्या तुझीच चौकशी करायच्या आणि माझ्याकडे सांगायला काहीतरी असायचं.

तुझ्या आरोग्य केंद्रातले लोक शोकसभा घेणार आहेत. सिस्टरांवर एक पान लिहून द्या, असा त्यांचा निरोप आला. जन्म कुठला, शिक्षण कुठलं, किती वर्षं नोकरी, किती गावं. ते पान मी त्यांना देईन. हे त्यातलं नाही. हे मला तुझ्याशी बोलायचं आहे आणि तू ऐकून घेणार नाहीस हे ठाऊक असूनही बोलायचं आहे. जिवंत होतीस तेव्हाही या एका विषयावर तू ऐकून घेतलं नाहीस.

पहिल्यांदा तू आलीस ती गुडघा घेऊन. मला चिपळूणला येऊन जेमतेम सहा महिने झाले होते. सांगलीहून लग्न होऊन आले आणि सासऱ्यांच्या घराच्या तळमजल्यावर एक खोली मिळाली, तिथे फिजिओथेरपीची पाटी लावली. लोक मला मालीश करणाऱ्या बाई म्हणायचे. अर्धांगवायूचे म्हातारे, जीप चालवून पाठ धरलेले ड्रायव्हर, झाडावरून पडून पाय मोडलेले आंब्याचे कलमवाले. त्यांच्यात तू पांढऱ्या साडीत, डोक्यावरचा पदर कानामागे खोचलेला, हातात लसीकरणाचं मोठं रजिस्टर. दाभोळची नर्स. आजूबाजूच्या पाच वाड्यांतली पोरं तुझ्या हातावर जन्मलेली. मी गुडघा तपासला. त्यात काही दोष नव्हता. तू तरीही दुसऱ्यांदा आलीस. तिसऱ्यांदाही आलीस. दाभोळहून तरीत बसून, खाडी ओलांडून धोपाव्याला उतरायचं, तिथून एसटीने चिपळूण. एवढा खटाटोप करून चांगला गुडघा दाखवायला कुणी येत नाही, हे मला कळायला हवं होतं.

तिसऱ्या वेळी मी तुला टेबलावर झोपवून पाय उचलायला सांगितला आणि तुला खोकला आला. चादर ओली झाली. मी दुसरीकडे पाहायचं नाटक केलं, ते तुला आवडलं नाही. तू उठलीस, चादर ओढून घेतलीस, मागच्या नळावर साबण लावून धुतलीस, पिळून दोरीवर घातलीस आणि परत येऊन माझ्यासमोरच्या स्टुलावर बसलीस. मग तू सांगायला लागलीस, ते मी कधीच विसरणार नाही. तू स्वतःबद्दल सांगतच नव्हतीस. वरच्या साहेबांना रिपोर्ट द्यावा तसं सांगत होतीस. पेशंट बाई, वय बेचाळीस. गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर. मुंबईला लाईट घेतली, आतूनही आणि बाहेरूनही. किरणांना आपल्याकडे सगळे लाईटच म्हणतात, तूही तेच म्हणालीस. रोग गेला असं डॉक्टर म्हणतात. त्याला आता दीड वर्ष झालं. लघवी धरवत नाही, कधी कधी शौचालाही थांबता येत नाही. बसताना आत कुणी मूठ आवळून धरल्यासारखं दुखतं.

एवढं सांगून तू थांबलीस. मी विचारलं, पेशंट काय म्हणते? तेव्हा तू खाली पाहिलंस आणि म्हणालीस, "पेशंट म्हणते, यापेक्षा रोग परवडला. रोग लोकांना सांगता येत होता."

मग बाकीचं हळूहळू आलं. जुन्या साड्यांचे तुकडे, चौघडी करून पिशवीत ठेवलेले, रोजचे सात-आठ. त्यावर अत्तराचा फाया. वाड्यांवरच्या फेऱ्या तू बंद केल्या होत्यास, कारण जांभ्याच्या पायऱ्यांची ती उभी पाखाडी उतरताना प्रत्येक पावलाला थेंब गळायचा. तरीत बायकांच्या शेजारी न बसता तू पुरुषांच्या बाजूला उभी राहायचीस, आणि बायका म्हणायच्या सिस्टरना शहाणपण चढलं. स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज लिहून पर्समध्ये ठेवला होतास. सगळ्यात शेवटी नमाजाचं बोललीस. हातपाय, तोंड धुऊन वजू करायची, उभं राहायचं आणि सजद्यात कपाळ टेकायला वाकलं की गळायचं. पुन्हा उठायचं, पुन्हा धुवायचं. एका नमाजाला चार-चार वेळा. मग तू नमाज सोडलास. घरात मुलगी विचारायची, अम्मी, पढली का? तू पढले म्हणायचीस.

मी म्हटलं, आजाऱ्याला काही सूट असेल ना? तू म्हणालीस की सूट आहे, तुला ती नीट माहीत आहे, धर्मात काय चालतं तो मसला विचारायला कुणाकडे जायची गरज नाही. "पण मला आजारी म्हणून उभं राहायचं नाय."

आपा, मला त्यातलं काही येत नव्हतं. हे मी तुला तेव्हा सांगितलं नाही. कॉलेजात या विषयावर एकच व्याख्यान झालं होतं आणि त्या दिवशी आम्ही पोरी मागच्या बाकावर खिदळत होतो. मूत्राशय, गर्भाशय आणि आतडं यांना खालून तोलून धरणारे स्नायू, ते बाळंतपणात सैल पडतात, ते आवळायचे व्यायाम करायचे. एवढीच शिदोरी. मी तुला आवळायला लावलं. मनात दहा आकडे मोजेपर्यंत धर, सोड. दिवसातून शंभर वेळा कर. तू नर्स, हुकूम पाळणारी. मी शंभर सांगितले तर तू दीडशे केलेस. एसटीत केलेस, रजिस्टर भरताना केलेस. आणि पंधरा दिवसांनी आलीस ती स्टुलावर बसूच शकली नाहीस. दुखणं दुप्पट झालं होतं आणि गळणं तसंच होतं. मी म्हटलं, अजून जोर लावून बघू. तेव्हा तू पहिल्यांदा माझ्यावर चिडलीस. आवाज चढवला नाहीस. रजिस्टर उचललंस आणि म्हणालीस की मी तुझ्यावर शिकते आहे, आणि शिकायला दुसरं कुणी शोधावं. आणि निघून गेलीस.

तू येईनाशी झालीस. मी माझ्या मुंबईच्या कॉलेजातल्या सरांना सगळं सविस्तर पत्र लिहिलं. नाव न घेता, पण तू सांगितलंस तसंच, पेशंट बाई, वय बेचाळीस. त्यांनी झेरॉक्सचा एक गठ्ठा पाठवला आणि वर स्वतःच्या हाताने दोन ओळी. या बाईचे स्नायू सैल नाहीत. लाईटने आणि भीतीने ते कायमचे आखडलेले आहेत. आधीच आवळलेल्या मुठीला आणखी काय आवळायला सांगतेस, तिला आधी मूठ उघडायला शिकव.

ते पत्र घेऊन मी दाभोळला आले. तुझं घर मला माहीत नव्हतं. तरीतून उतरल्यावर नुसतं सिस्टर म्हटलं तर तिघं जण वाट दाखवायला निघाले. तू अंगणात मुलीच्या केसांना तेल लावत होतीस. रुबीना तेव्हा बारा-तेरा वर्षांची. मला पाहून तिला आत पाठवलंस. मी उभ्याउभ्याच सांगितलं की मी चुकले, मला येत नव्हतं आणि तरी येत असल्यासारखं केलं, माझ्यामुळे तुमचं दुखणं वाढलं. तू तेलाचे हात पुसलेस. मग म्हणालीस, "माझ्या हातात पहिलं बाळंतपण आलं तेव्हा मला तरी काय येत होतं? त्या बाईला नाय सांगितलं मी. तू सांगितलंस. बस."

बांगड्यांचं कालवण आणि तांदळाची भाकरी वाढलीस. मी मासे खाते का हेसुद्धा विचारलं नाहीस. जेवताना मी तुला पहिल्यांदा आपा म्हटलं आणि तू म्हणालीस, आपा म्हणतेस तर तुम्ही कशाला, तू म्हण. माझ्या घरात थोरल्या बहिणीलाही कुणी तू म्हणत नाही. मला ती सवय व्हायला महिना लागला. आता ती मोडायला किती लागेल, कोण जाणे.

मूठ उघडायला शिकणं तुला आवळण्यापेक्षा शंभरपट अवघड गेलं. तू कुशीवर पडायचीस, माझा हात तुझ्या ओटीपोटावर, आणि मी म्हणायचे श्वास इथपर्यंत येऊ दे. येत नसे. छातीतच अडायचा. तू म्हणालीस, लाईट घेताना मुंबईला त्या खोलीत पाय बांधून एकटीला ठेवायचे आणि लोखंडी दार लागायचं, तेव्हापासून कंबर सैल सोडायची म्हटलं की दार लागल्यासारखं होतं. त्या दिवशी आपण व्यायाम केला नाही. तू रडलीस आणि मी तुझा हात धरून बसले. बाहेर दोन पेशंट थांबले होते. नंतर महिन्याभराने एकदा तो श्वास खाली उतरला. तुलाही कळलं, मलाही हाताखाली कळलं. आपण दोघींनी डोळे उघडले.

मग गाडी रुळावर आली. पाणी कधी प्यायलं, लघवी कधी, गळलं किती, दुखलं किती याची नोंद ठेवायला मी सांगितलं, तर तू ती लसीकरणाच्या रजिस्टरच्या मागच्या पानांवर रकाने आखून ठेवलीस, शेरा या रकान्यासकट. शेऱ्यात एकदा लिहिलं होतंस, पेशंट आज तरीत बसून आली. घाई लागली की धावायचं नाही, जागच्या जागी उभं राहायचं, पायाची बोटं जमिनीत रोवायची, लांब श्वास सोडायचा, लाट उतरू द्यायची. हे तू मला नंतर समुद्रावरच्या माणसाच्या भाषेत परत शिकवलंस. आणि नमाज. तू माझ्या खोलीत चटई टाकलीस आणि मला एकेक हालचाल दाखवलीस, मी तुझ्या शेजारी बसून पाहिलं की नेमकं कुठे गळतं. वाकल्यामुळे नव्हे, तू वाकताना श्वास कोंडून धरत होतीस म्हणून. श्वास सोडत वाक, आणि उठायच्या आधी खालचे स्नायू हलकेच वर उचलून घे. सगळी मिळून दोन वाक्यं. तेवढ्यासाठी दीड वर्ष तू देवापुढे उभी राहिली नव्हतीस.

एके दिवशी पोस्टकार्ड आलं. त्यावर फक्त एवढंच: "असर, एकदाच वजू. हमीदा." असर म्हणजे दुपारनंतरचा नमाज हे मी रुबीनाला विचारून घेतलं.

युसुफभाईंबद्दलही बोलायला हवं, कारण ते बोलणं मला तूच शिकवलंस. ते बहारीनला जहाजाच्या गोदीत कामाला, दोन वर्षांतून एकदा येणारे. तुझ्या आजारपणानंतर आले तेव्हा दोन महिने तू मुलीच्या खोलीत झोपलीस. त्यांनी विचारलं नाही, तू सांगितलं नाहीस. लाईटने आतली वाट आखडून गेली आहे, हात लावला तरी दुखतं, आणि त्यावरही उपाय आहे, हे तुला कुणीच सांगितलं नव्हतं. ते मला सांगायचं होतं आणि माझी जीभ वळत नव्हती. माझ्या लग्नाला वर्षही झालं नव्हतं. मी सरांची झेरॉक्स तुझ्यापुढे सरकवली आणि भिंतीकडे पाहत राहिले. तू वाचलंस आणि म्हणालीस, मेधा, तू अशी लाजशील तर वाड्यांवरच्या बायका तुझ्याकडे येऊन काय करणार? पुढच्या खेपेला युसुफभाई आले तेव्हा तूच त्यांना माझ्याकडे घेऊन आलीस. सहा फुटांचा तो माणूस, माझ्या स्टुलावर मांड्यांवर हात ठेवून शाळेतल्यासारखा बसला. मी जे सांगायचं ते सांगितलं. शेवटी ते म्हणाले की त्यांना वाटलं होतं, तुला ते नकोसे झालेत. तू पदर तोंडावर घेतलास. हसत होतीस की रडत होतीस ते मला दिसलं नाही.

तो निवृत्तीचा अर्ज तू कधी फाडलास ते मला माहीत नाही. एक दिवस कळलं की सिस्टर पुन्हा पाखाडी चढून वाड्यांवर जातात. आणि मग तुझ्यामागून बायका यायला लागल्या. चार बाळंतपणं झालेल्या, पिशवी काढलेल्या, मुंबईहून लाईट घेऊन आलेल्या. कुणी बुरख्यात, कुणी नऊवारीत. तू त्यांना एसटीत घालून आणायचीस आणि त्यांच्या घरी सांगून यायचीस की गुडघा दाखवायला नेते. चिपळुणात एवढे गुडघे कुणाचेच बिघडले नसतील. गुरुवार हा तुझ्या सुटीचा अर्धा दिवस, म्हणून तो आपला वार झाला. मी पुस्तकी बोलायला लागले की तू मध्येच तोडायचीस. "मॅडमचं ऐकू नका, माझं ऐका. मी दीड वर्ष मुतात बसलेली बाई आहे." पहिल्यांदा हे म्हणालीस तेव्हा माझे कान तापले. पण त्या वाक्यानंतर कोपऱ्यातली एक म्हातारी बोलायला लागली, जी तीन गुरुवार तोंड उघडत नव्हती.

चार वर्षं. आता वाटतं, एवढीच होती ती.

या जानेवारीत तू म्हणालीस, कंबर दुखते, उजव्या बाजूला, मांडीपर्यंत उतरतं. मी तुला टेबलावर घेतलं. तू आदल्या आठवड्यात पोलिओच्या डोसांसाठी पेट्या वाहिल्या होत्यास. मी म्हटलं, वय झालं आपा, पेट्या पोरांना दे. शेक दिला, मळून दिलं, व्यायाम लिहून दिले. पुढच्या गुरुवारी तू म्हणालीस थोडं बरं आहे. त्याच्या पुढच्या गुरुवारीही तेच म्हणालीस. तीन आठवडे मी तुझ्या कमरेवर हात फिरवत होते. दुसऱ्या कुणा बाईने कॅन्सरनंतर असं दुखणं सांगितलं असतं तर मी पहिल्या दिवशी चिठ्ठी देऊन मुंबईला पाठवलं असतं. तू होतीस, म्हणून नाही पाठवलं. तू बरी झालेली होतीस. माझी पहिली बरी झालेली. मला तू आजारी असणं परवडणार नव्हतं.

चौथ्या आठवड्यात उजवा पाय डाव्यापेक्षा जाड दिसला. पायावर बोट दाबलं तर खड्डा पडला. मी चिठ्ठी लिहीत होते आणि तू शांतपणे चपला घालत होतीस. सोमवारी जाते म्हणालीस. सोमवारी गेली नाहीस. रजा मंजूर होत नाही म्हणालीस. पुढचा सोमवारही तसाच गेला. मी तुझ्या डॉक्टरांना फोन करते म्हटलं तर तू मला शपथ घातलीस. शेवटी मार्च संपता संपता गेलीस. रोग परत आला होता, कमरेच्या आतल्या गाठींत, आणि मूत्रपिंडाची वाट दाबून बसला होता.

मी एसटीडी बूथवरून मुंबईला फोन केला. तुझ्या तिथल्या डॉक्टरांना मी कोण ते सांगितलं आणि जानेवारीतले तीन आठवडे सांगितले. ते म्हणाले, त्याने काही फरक पडला नसता. ते फार नीट, फार सवयीने म्हणाले. मी आभार मानले. त्यांच्या बोलण्यावर माझा विश्वास बसला नाही, अजूनही बसलेला नाही.

तू परत आल्यावर मी दर रविवारी दाभोळला यायला लागले. पहिल्याच रविवारी मी विषय काढला. आपा, जानेवारीत मी, एवढंच म्हटलं आणि तू हात वर केलास. यावर बोलायचं नाही म्हणालीस. मी दुसऱ्यांदा काढला तेव्हा भिंतीकडे तोंड करून पडून राहिलीस, मी निघेपर्यंत. तिसऱ्यांदा माझी छाती झाली नाही. मला वाटायचं तू मला माफ करत नाहीस. मग वाटायचं, माफच केलं आहेस आणि ते बोलून दाखवून मला लाजवायचं नाही. एका रविवारच्या तरीत हे, दुसऱ्या रविवारच्या तरीत ते.

ऑगस्टमध्ये लघवीची नळी घालावी लागली. पलंगाच्या दांडीला पिशवी अडकवलेली पाहून तू म्हणालीस, एवढी मेहनत घेतलीस माझ्यावर, आणि बघ. तुझं रजिस्टर कपाटावर होतं. चार वर्षांचे रकाने. पिशवी असताना नमाजाचं कसं, हे या वेळी तू स्वतःहून मौलवींच्या बायकोला विचारून घेतलंस आणि सूट घेतलीस, पडल्यापडल्या, डोळ्यांनी. आजारी म्हणून उभं राहायचं नाही म्हणणारी तू. मी दाराशी बसून पाहत होते. तुझे ओठ हलत होते आणि पापण्या मिटत, उघडत होत्या.

शेवटच्या रविवारी तू मला ओळखलंस, पण बोलणं तुटक होतं. मी तुझे पाय चेपत होते. तू डोळे न उघडता विचारलंस, "ती वेलदूरची सून, जुळ्यांची. परत आली का गो?"

आली होती, आपा, गुरुवारी. बरी आहे. मी सांगितलं तेव्हा तू मान हलवलीस. आपलं हे शेवटचं बोलणं.

मंगळवारी फोन आला. मी पोचले तेव्हा आतल्या खोलीत बायका तुला आंघोळ घालत होत्या. रुबीनाने मला आत घेतलं, कुणी काही म्हटलं नाही. मी नुसता तांब्या धरला. तुझं अंग एवढंसं झालं होतं. मग पुरुष तुला घेऊन चढण चढून गेले, रजा काढून आलेले युसुफभाई पुढे, आणि आम्ही बायका दारात उभ्या राहिलो.

तिसऱ्या दिवशी जियारतीला पुन्हा आले. कुराण वाचून झालं, माणसं पांगली. रुबीना मला मागच्या पडवीत घेऊन गेली. आता अठरा वर्षांची आहे, तुझ्यासारखंच कपाळ. तिने सांगितलं ते मी तुला जसंच्या तसं सांगते. गेल्या डिसेंबरमध्ये तिला धुण्यात रक्ताचा डाग लागलेला कपडा मिळाला. लाईट घेतल्यावर पाळी कायमची जाते हे तिला तेव्हाही ठाऊक होतं, नर्सची मुलगी. तिने विचारलं तर तू तिचा हात कुराणावर ठेवून घेतलास. म्हणालीस, तुझी बारावीची परीक्षा होईपर्यंत कुणालाही सांगायचं नाही, अब्बूंना नाही, आणि मेधामावशीला तर मुळीच नाही. ती मला त्याच दिवशी बसमध्ये बसवेल.

म्हणजे डिसेंबरमध्येच तुला माहीत होतं. जानेवारीत माझ्या टेबलावर पडलीस, माझे हात तुझ्या कमरेवर होते, आणि तुला माहीत होतं. मी पेट्या पोरांना दे म्हणत होते, तू थोडं बरं आहे म्हणत होतीस. रजा मंजूर होत नाही म्हणालीस ते खोटं होतं. माझं वाक्य तू हात वर करून थांबवलंस, ते मला माफ करायला नव्हे. तुला स्वतःलाच सांगता येत नव्हतं.

आपा, मला तुझा इतका राग आला की पडवीचा खांब धरावा लागला. गावोगाव बायकांना तू सांगत फिरलीस की लाल डाग दिसला तर त्याच दिवशी निघा, पोरं, नवरा, भात, काही बघू नका. तुझ्या पोरीची परीक्षा मात्र तू बघितलीस. आणि माझ्याकडे का आलीस दर गुरुवारी? दुखत होतं म्हणून? की मी विचारीन म्हणून? रक्त जातं का, एवढा एक प्रश्न. पहिल्या दिवशी विचारायचा असतो तो. दुसऱ्या कुणालाही मी विचारला असता. मी विचारला असता तर तू खोटं बोलली असतीस का, हे आता मला कोण सांगणार?

हे सगळं माझ्या मनात चाललेलं असताना रुबीना माझ्या तोंडाकडे पाहत होती. तिला वाटलं मी तिच्यावर रागावले. ती म्हणाली, "मावशी, मी शपथ मोडून तुम्हाला फोन केला असता तर अम्मी वाचली असती ना?"

तिची परीक्षा चांगली गेली, आपा. नर्सिंगला नंबर लागला आहे, ते तुला कळलं होतं. पण त्या पोरीने डिसेंबरपासून हे एकटीने पोटात ठेवलं होतं, आणि तुझ्या अंगावर तांब्याने पाणी घालतानाही ठेवलं होतं.

मी तिचे दोन्ही हात धरले. म्हटलं, नाही बाळा. त्याने काही फरक पडला नसता.

तिने विचारलं, खरंच?

मी म्हटलं, खरंच. तिच्या डोळ्यांत पाहून म्हटलं, अगदी नीट. आणि ती माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडायला लागली, तेव्हा मला कळलं की तिचा माझ्यावर विश्वास बसला आहे.